दुसरा पार्ट आहे का?

मे महिन्यात बहिणीची मुलगी पंधरा दिवस माझ्याकडे पुण्याला राहायला आली होती. आता दहावीला जाईल. इंग्लिश मीडियमची, मराठी वाचते पण हळू, जोडाक्षर आलं की तिचे ओठ हलतात. येताना सॅक भरून इंग्रजी पुस्तकं आणली होती, ती आठवड्यात संपली, मग माझ्या कपाटासमोर मांडी घालून बसली आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' काढून घेतली. मी काही सुचवलं नव्हतं. नाव ओळखीचं वाटलं असेल, किंवा नुसतंच जाडी बघून. चार दिवस ती दुपारभर दिवाणावर पाय भिंतीला वर लावून वाचत पडायची, शेजारी वाटीत कैरीच्या फोडी आणि तिखटमीठ, आणि पानांना ते तिखटाचे लाल बोटांचे ठसे लागले तरी मी काही बोलले नाही, कारण मध्येच तिच्या तोंडून जो हसण्याचा आवाज यायचा तो मला हवाच होता. पाचव्या दिवशी पुस्तक छातीवर पालथं टाकून तिने स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं, "मावशी, हे सगळं त्याच्याच साइडने आहे. शिरोडकरच्या साइडने कुठंय? दुसरा पार्ट आहे का?"

मी म्हटलं नाही गं, एवढंच आहे.

"मग तिला काय वाटत होतं ते कसं कळणार?" असं म्हणून ती उठली आणि फ्रीजमधलं पाणी प्यायला गेली, तिच्या दृष्टीने विषय संपला. मी मात्र हातात विळी धरून तशीच बसून राहिले. हे पुस्तक मी चार वेळा वाचलंय. 2004 साली मौज प्रकाशनाने काढलं, त्यानंतर वर्षभरात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिशीत होते, आणि रात्री दोनला संपवून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते हे मला अजून आठवतंय. आणीबाणीचं ते वर्ष, नववीतला मुकुंद, त्याचे मित्र, त्यांची ती बसायची अर्धवट बांधलेली इमारत, कोण कोणाला लाइन देतं याच्या न संपणाऱ्या चर्चा, आणि त्याला आवडणाऱ्या शिरोडकरने एकदा मान वळवून बघितलं की त्याचा अर्थ लावत घालवलेली अख्खी संध्याकाळ. ती वळली म्हणजे माझ्यासाठीच वळली का, की मागे मैत्रीण होती म्हणून? ते सगळं मी मुकुंदच्या आत बसून वाचलं. ती दिसली की माझं काळीज हललं, ती गाव सोडून गेली तेव्हा मला रडू आलं, तेही मुकुंदसाठी. ती जाताना तिच्या पोटात काय झालं असेल, हे चार वाचनांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

आणि मी तर नववीत शिरोडकरच होते.

म्हणजे कसं, की साताऱ्यात आमचं घर वरच्या अंगाला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे, आणि शाळा खाली. सकाळी उतार, संध्याकाळी चढ. साताऱ्याचे रस्ते ज्यांनी पायी तुडवलेत त्यांना तो चढ माहितीये, सायकलवाल्याला पण उतरून ढकलतच यावं लागतं. 1989 सालचं सांगतेय. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि साधारण जुलैपासून संध्याकाळी माझ्यामागे एक सायकल ढकलत यायला लागली. दुसऱ्या तुकडीतला मुलगा होता. सायकल हाताने ढकलत नेली की मागच्या चाकातून जी बारीक टिकटिक येते ती मला पाठीवर ऐकू यायची, मोती चौक सोडला की सुरू व्हायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. पावसात जरा बदललेली, चिखलाची. मी कधी मागे वळून बघितलं नाही. वळून बघितलं की त्याचा अर्थ होतो हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. त्याचा आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही, त्याच्या सायकलचा मात्र मी शंभरात ओळखेन.

त्याच्या मित्रांमध्ये माझ्याबद्दल काय बोलणी होत असतील ते मला 'शाळा'ने सांगितलं, पंधरा वर्षांनी. मला आडनावानेच ओळखत असणार. ती हसली, ती नाही हसली, आज तिने पुस्तकं डाव्या हातात धरली. पण मला काय होत होतं ते कुठल्याच पुस्तकाने मला सांगितलं नाही, आणि मी पण ते कुणाला सांगितलं नाही. मला होत होतं हे, की शाळा सुटायच्या आधीच्या तासाला मला घड्याळाशिवाय काही दिसायचं नाही. सुटायच्या आत उजवी वेणी सोडून परत घालायची, लाल रिबिनीचं फूल नीट बसेपर्यंत, कारण तो नेहमी उजव्या अंगाने चालायचा. आणि चढावर मी हळू चालायचे. मी मुळात भराभर चालणारी, आईबरोबर बाजारातून येताना ती मागून ओरडायची अगं दम लागतो मला, जरा बेताने. पण तेव्हा मी एकेक पाऊल मोजून टाकायचे, टिकटिक मागे राहू नये म्हणून. याला काय म्हणायचं? आमच्याकडे यासाठी शब्द मुलांचाच होता, तो लाइन देतो. ती देते हे पण मुलांनीच म्हणायचं. मुलीने स्वतःच्या मनात सुद्धा तसं म्हणायचं नाही.

भाची गेल्यावर तिची तीन पुस्तकं इथेच राहिली, कुरिअर करते म्हटलं तर म्हणाली राहू दे, दिवाळीला नेईन. मग जूनमध्ये पाऊस लागला आणि मी रोज रात्री ती वाचायला घेतली, आधी नुसती चाळायला, मग चष्मा लावून नीट. पन्नाशीच्या बाईने सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलींच्या प्रेमकथा का वाचाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही. मला तर ती तहान लागल्यासारखी लागली होती. पहिली गोष्ट जाणवली ती ही, की तिथे मुलगी बोलते. 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' जॉन ग्रीन या पुरुषाने लिहिलंय, 2012 सालचं, पण पहिल्या ओळीपासून बोलते ती हेझल, सोळा वर्षांची, फुप्फुसात कॅन्सर, नाकात ऑक्सिजनची नळी. ऑगस्टस तिच्याकडे टक लावून बघतो तेव्हा ती खाली मान घालून पळत नाही. तीही त्याच्याकडे टक लावून बघते, त्याने नजर काढेपर्यंत. हे वाचून मी पुस्तक मिटून दोन मिनिटं पावसाकडे बघत बसले. बघायचं असतं उलट. एवढं साधं असतं ते.

जेनी हानच्या 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' मधली लारा जीन तर आपल्या फारच जवळची मुलगी. आई वारलेली, आई कोरियन, वडील गोरे डॉक्टर, तीन बहिणी, घरात शिस्त आणि मोठ्या बहिणीचा शब्द शेवटचा. ती मुलांवर मनातल्या मनात प्रेम करते आणि प्रेम संपवायचं असलं की त्या मुलाला पत्र लिहिते, पोस्टात न टाकण्यासाठी, आणि आईने दिलेल्या टोपीच्या खोक्यात ठेवून देते. पाच मुलं, पाच पत्रं. मग ती पत्रं एक दिवस खरंच पोस्टात पडतात आणि गोष्ट तिथून धावायला लागते. मला त्या धावण्यापेक्षा तो खोकाच आवडला. कारण हे आमच्याकडे असतं तर पत्रं पोस्टात पडणं ही घरावर आलेली आपत्ती असती, वडिलांना तोंड दाखवायला जागा नसती, लग्नापर्यंत ते प्रकरण पुरलं असतं. तिथे तिची फजिती होते, आणि मग त्यातूनच तिला कळतं की आपण प्रेमाला नाही तर खऱ्या माणसासमोर उभं राहायला घाबरत होतो. चूक करायची जागा आहे तिला. मोठं व्हायला तेवढी तरी जागा लागते ना, की चूक केली आणि तरी संध्याकाळी घरी जेवायला बसलो.

पण तिकडे सगळ्या मुलींना ती जागा आहे असंही नाही, आणि हे मला तिसऱ्या पुस्तकाने दाखवलं. रेनबो रॉवेलचं 'एलेनॉर अँड पार्क'. ओमाहा शहर, 1986 साल, म्हणजे मी सहावीत असतानाचं. हे पुस्तक एक तुकडा तिच्या बाजूने, एक तुकडा त्याच्या बाजूने असं लिहिलंय, भाचीला त्याचीच सवय, म्हणून तर तिने दुसरा पार्ट मागितला. एलेनॉर जाड, लाल केसांची, पुरुषी शर्ट घालणारी, गरीब. सावत्र बाप असा की त्याच्या घरात बाथरूमला दार नाही. दार नाही म्हणून तो घरी यायच्या आत अंघोळ उरकायची. स्कूल बसमध्ये पार्कच्या शेजारी नाइलाजाने बसते, तो कॉमिक वाचत असतो, तीही तिरक्या नजरेने वाचायला लागते, तर तो बोलत काही नाही पण पान उलटायला थांबतो. तिचं होईपर्यंत. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात सुंदर काय वाटलं असेल तर ते थांबणं. मग तो तिला वॉकमन देतो, गाणी भरून कॅसेट देतो, आणि बॅटऱ्या. आजी विचारते गिफ्ट काय हवं तर हा पोरगा बॅटऱ्या मागतो, तिच्यासाठी.

मला आमचे पेन्सिल सेल आठवले. संपले की गच्चीवर उन्हात ठेवायचो, त्यातून अजून दोन गाणी निघायची, मग आवाज जाड होत होत बसायचा. दादाचा टेपरेकॉर्डर होता, मी तो नसताना लावायचे. ओमाहाच्या त्या मुलीची गरिबी मला इथे कळली, बाकी बर्फ, स्कूल बस, थँक्सगिव्हिंग सगळं लांबचं, पण सेल पुरवून वापरणं माझ्या बोटांना माहितीये.

शेवटी एलेनॉरला त्या घरातून पळावं लागतं, मामाकडे, दुसऱ्या राज्यात, आणि पार्क रात्रभर गाडी चालवून तिला सोडायला जातो. म्हणजे त्याने तिला मिळवायचं नाहीये, तिला वाचवण्यासाठी तिला सोडून यायचंय. सोळा वर्षांच्या मुलाला हे कळणं, यालाच मी मोठं होणं म्हणेन. मुकुंदच्या वाट्याला हे आलं नाही. शिरोडकर जाते तेव्हा त्याच्या हातात काही नसतं, घरच्यांबरोबर ती जाते, आणि तो दहावीच्या उंबऱ्यावर उभा राहतो. दोन्ही मुलगे एकटेच परततात, पण एक जण काहीतरी करून परततो. याच्यात कोण श्रेष्ठ असं मला म्हणायचं नाहीये. उलट मला वाटतं मुकुंदचं ते हात रिकामे असणं जास्त खरं आहे आपल्यासाठी. आपल्याकडे त्या वयात गाडीची किल्ली नसते, खोलीला कडी नसते, खोलीच नसते. प्रेम होतं ते रस्त्यावर, क्लासच्या जिन्यात, चार मित्रांच्या तोंडून. आणि म्हणूनच 'शाळा'त जी मित्रांची ऊब आहे ती त्या तीनही पुस्तकांत मला कुठे सापडली नाही, तिकडे प्रेमात पडलेली दोघंच फार एकटी आहेत.

मला राहूनराहून वाटतं, आपल्याकडे मधला कप्पाच नव्हता. आमच्या लायब्ररीत एका बाजूला बालविभाग, तिथे 'किशोर'चे अंक, पऱ्या, साहसकथा. दुसऱ्या बाजूला एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. तेरा ते अठराचं माणूस म्हणजे कुणीच नाही. मी दादाच्या कार्डावर सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' आणली आणि गणिताच्या वहीत घालून वाचली, कट्टा, मारामाऱ्या, जीव देणारी दोस्ती. तीही मुलाचीच गोष्ट. मुलीच्या आतलं वाचायचं तर खूप मागे जावं लागायचं, 1933 च्या 'कळ्यांचे निःश्वास'पर्यंत, आणि ते लिहिताना मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर या नावाआड उभं राहावं लागलं, तरी केवढा गदारोळ झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींना पण मन आणि शरीर असतं एवढंच तर लिहिलं होतं. ते पुस्तक मला कॉलेजात मिळालं. पाच वर्षं आधी मिळायला हवं होतं.

तिकडे तरी हे आपोआप झालं का, तर नाही. ज्यूडी ब्लूमचं 'फॉरेव्हर' 1975 चं, म्हणजे आपल्याकडे आणीबाणी लागली तेच वर्ष. त्याची गोष्ट अशी, की ब्लूमबाईंची मुलगी पुस्तकं वाचून कंटाळली होती, कारण त्यातली मुलगी मुलाजवळ गेली रे गेली की तिच्या वाट्याला काहीतरी भयंकर यायचं. ती आईला म्हणाली, अशी गोष्ट लिही ज्यात कुणाला मरावं लागत नाही. आईने लिहिली. त्यातली कॅथरीन प्रेमात पडते, सगळं करते, तिची आजी तिला न लाजता गर्भनिरोधाची माहितीपत्रकं पाठवते, आणि शेवटी ते प्रेम कायमचं टिकत नाही, तिलाच दुसरं कुणी आवडायला लागतं, आणि आकाश कोसळत नाही. हे पुस्तक तिथल्या शाळांमधून, लायब्रऱ्यांमधून काढून टाका म्हणून लोक वर्षानुवर्षं मागे लागले. एका मुलीने आईला प्रश्न विचारला आणि आईने तो ऐकला, मला त्या पुस्तकाहून ही गोष्टच मोठी वाटते. पोरी विचारतात. भाचीने विचारला तसा.

मी आईला काहीच विचारलं नव्हतं. आईनेही मला नाही.

सप्टेंबरमधली गोष्ट, गणपती नुकतेच गेलेले. रविवारी आई माझ्या डोक्याला तेल लावत होती, कोमट खोबरेल, तिची बोटं केसात, आणि तिने मागूनच सांगितलं, "उद्यापासून बाबा आणायला येतील शाळेत." बास. का, कशासाठी, कोण म्हणालं, काही नाही. मी पण विचारलं नाही, मान तशीच पुढे झुकवून ठेवली, तेलाचा एक ओघळ कानामागून मानेवर आला तो आठवतो. दुसऱ्या दिवसापासून स्कूटरच्या मागे बसून तो चढ दोन मिनिटांत पार. एक दिवस स्कूटरवरून तो दिसला, सायकल ढकलत, आणि मी मान दुसरीकडे केली. इतकी वर्षं माझी खात्री होती की दादाने सांगितलं घरी. त्याच्या मित्रांनी बघितलं असणार, त्याने आईला सांगितलं असणार. दादाशी मी त्यानंतर कधी मोकळं बोललेच नाही, ते कशामुळे हे त्यालाही माहीत नाही. आता वाटतं माझं मोठं होणं त्या तेलाच्या वाटीपाशी झालं. आपल्याबद्दल घरात काहीतरी ठरतं, आपल्यामागे, आणि आपण मान वर करायची नाही.

हेझलच्या पुस्तकात मी जिथे रडले ती ऑगस्टसची जागा नव्हती. तिच्या आईची होती. हेझल आयसीयूत असताना आई नवऱ्याला म्हणते की मी आता आई राहणार नाही, आणि ते शब्द हेझलच्या कानावर पडतात, आणि ती ते मनात दाबून जगते. मग शेवटी शेवटी कळतं की आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यास करतेय, मुलगी गेल्यावरही आपल्याला काहीतरी असावं म्हणून, आणि मुलीला वाईट वाटेल म्हणून लपवतेय. आणि हेझलला वाईट वाटत नाही, तिला इतका आनंद होतो. दोघी एकमेकींपासून जपून एकच गोष्ट लपवत असतात. ते वाचलं आणि घड्याळात बघितलं, साडेनऊ झाले होते, आई अजून जागी असते त्या वेळेला. फोन लावला.

इकडचं तिकडचं झालं, औषध, पाऊस, दादाचा गुडघा. मग मी विचारलं. पस्तीस वर्षांच्या वर झाली होती. आई, ते नववीत असताना, सायकलवाला मुलगा, दादाने सांगितलं होतं ना तुला?

"कुणी? दादाने?" आई म्हणाली. "त्याला कुठं काय दिसतंय. त्याला काय माहीत पण नव्हतं."

"मग तुला कसं कळलं?"

"वेणी. सकाळी मी घालून दिलेली उजवी वेणी संध्याकाळी तुझ्या हातची असायची. माझी गाठ वेगळी असते."

मला एकदम काही बोलता येईना. मी म्हटलं, मग मला विचारलं का नाहीस. तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. बराच वेळ ती बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "विचारायचं कसं ते मला कुठं ठाऊक होतं. मला कुणी विचारलं होतं?" आणि मग जरा थांबून, अगदी सहज, "पोरगं तसं वाईट नव्हतं. उंच होतं. मान खाली घालून चालायचं."

"तू बघितलंस त्याला?"

"बघणार नाही? दोन दिवस भाजीची पिशवी घेऊन मागनं आले होते मी तुमच्या. मोती चौकापासून गल्लीपर्यंत."

मी डोळे मिटून तो चढ बघत होते, पुढे मी, मग ती टिकटिक, आणि तिच्यामागे माझी आई, पिशवी घेऊन. मी वळून बघितलं नव्हतं म्हणून दोघंही दिसले नव्हते.

"तुझ्या मागनं तो चढ चढायचा म्हणजे मला नेहमी धाप लागते," आई म्हणाली. "त्या दिवशी लागली नाही. तेव्हा म्हटलं, अरे, ही पण हळू चाललीये."